‘फिक्स्ड’ म्हणजे काय, सर?

सिराजोद्दीन सरांना शब्द ढिला पडलेला खपत नसे. जालन्याच्या आयटीआयमध्ये एकतीस वर्षं त्यांनी पोरांना जोडारीचं, म्हणजे फिटरचं, काम शिकवलं. एखादा पोरगा म्हणाला, “सर, नट घट्ट केला,” की सर विचारायचे, “घट्ट म्हणजे किती? हातानं सुटेल इतका, का पान्यानं सुटेल इतका?” पोरगा चाचरला की त्याची रवानगी परत वर्कशॉपमध्ये. पोरं मागून नकला करायची. पण पुढं कुठल्या कुठल्या कारखान्यांत लागलेली हीच पोरं वाटेत भेटली की गाडी थांबवून सलाम करायची.

रिटायर झाल्यावर सर भोकरदनला आपल्या घरी आले. बायको गौहर, दारात लिंबाचं झाड, सकाळी पेपर, संध्याकाळी मशिदीपर्यंत एक फेरी. मुलगी रुखसार जालन्यात दिलेली. जावई फहीम तिथल्याच औद्योगिक वसाहतीत शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होता. पोरगा कष्टाळू, जरा बढाईखोर, पण सासऱ्याचा अभिमान बाळगणारा.

हा फहीमच एका रविवारी वकील घेऊन आला. बद्रीनाथ वकील म्हणून संभाजीनगरचे नावाजलेले गृहस्थ. चहा झाला आणि त्यांनी पिशवीतून कागद काढले.

भानगड अशी होती. फहीमच्या कंपनीनं कपाशी आणि मका टोकायचं एक यंत्र काढलं होतं, त्याचं पेटंटही घेतलं होतं. यंत्रात एक भोकांची चकती असते. ती फिरते तसं एकेका भोकातून एकेक बी जमिनीत पडतं. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला भुजंग नावाच्या एका वर्कशॉपवाल्यानं तसंच यंत्र बनवायला घेतलं आणि ते धडाधड खपायला लागलं. कंपनीनं त्याच्यावर दावा लावला, कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला आणि भुजंगचं काम बंद पडलं. आता सगळं अडलं होतं एका शब्दावर. पेटंटात लिहिलं होतं की चकती आसावर ‘फिक्स्ड’ आहे. कंपनीची चकती आसावर वेल्डिंग केलेली. भुजंगची चकती पिननं अडकवलेली, पिन ओढली की हातात येणारी. मग पिनवाल्या चकतीला ‘फिक्स्ड’ म्हणायचं की नाही?

“सर, मला फक्त एवढंच सांगा,” बद्रीनाथ वकील म्हणाले, “यंत्र चालू असताना पिन लावलेली चकती आसापासून वेगळी फिरते का?”

“न्हाई. आसाबरोबरच फिरते.”

“म्हणजे तेवढा वेळ तरी फिक्स्ड?”

“तेवढा वेळ म्हणता येईल.”

“बस. मला हेच पाहिजे होतं.”

आठ दिवसांनी प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आलं. सरांचं नाव, शिक्षण, अनुभव आणि वर ठळक अक्षरांत ‘तज्ज्ञ’. जन्मभर सरांना कोणी मास्तर म्हटलं होतं, कोणी उस्ताद. तज्ज्ञ कोणी म्हटलं नव्हतं. गौहरनंही तो शब्द दोनदा वाचला. खाली पाचव्या परिच्छेदात लिहिलं होतं, ‘या व्यवसायात फिक्स्ड या शब्दाच्या अर्थात पिनने जोडलेला भागही नेहमीच धरला जातो.’

सरांचं बोट ‘नेहमीच’वर थांबलं. “हे मी म्हणालो नव्हतो.”

“सर, कोर्टात अर्धंमुर्धं चालत नाही,” वकील हसून म्हणाले. “आपण ‘कधी कधी’ म्हटलं की समोरचा त्याच कधी कधीचा फाटा धरतो.”

बाजूला फहीम बसला होता. नुकतंच त्याला कंपनीच्या मोठ्या साहेबांनी बोलावून चहा पाजला होता. “अब्बा, साहेबांना मी सांगून ठेवलंय,” तो म्हणाला, “आमच्या अब्बांसारखा माणूस अख्ख्या जिल्ह्यात न्हाई.”

सरांनी सही केली.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात एक पंचेचाळिशीचा, राखाडी दाढीचा माणूस पुढं आला आणि वाकून त्यानं सरांच्या पायाला हात लावला.

“सर, वळखलं का? अठ्ठ्याण्णवची बॅच. भुजंग.”

सरांनी त्याच्याकडं निरखून पाह्यलं. प्रतिवादीचं नाव त्यांनी कागदावर वीस वेळा वाचलं होतं, पण ते नाव आपल्या वर्गात बाकावर बसलेलं असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. वर्षाला किती पोरं, आणि वर्षं एकतीस.

“तू... मागच्या बाकावर?”

“पुढच्या, सर. तुम्हीच पुढं बसवल्तं. लई बोलतो म्हणून.”

एवढ्यात पुकारा झाला आणि सर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. लाकडी कठडा कमरेएवढा, मागं भिंत. शपथ झाली. प्रतिज्ञापत्रावरची सही आपलीच असल्याचं त्यांनी सांगितलं. मग भुजंगच्या वकील उठल्या. प्रीती नावाची तिशीची बाई, आवाज हळू, बोलणं अगदी अदबीचं.

“सर, आपले जावई कुठं काम करतात?”

सरांनी बद्रीनाथ वकिलांकडं पाह्यलं. ते कागदात बघत होते.

“वादी कंपनीत.”

“प्रतिज्ञापत्रात हे लिहिलंय का?”

“न्हाई.”

“आठवण राहिली नाही, का कोणी लिहू नका म्हणालं?”

“कोणी विचारलं न्हाई.”

स्टेनो टकटक टाइप करत होता. मग प्रीती वकिलांनी एक जुनी वही काढली. वही कसली, सायक्लोस्टाइल केलेल्या पिवळट पानांचा दोऱ्यानं शिवलेला गठ्ठा. पहिल्याच पानावर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं : ‘यंत्रजोडणीच्या नोंदी – सय्यद सिराजोद्दीन’.

“हे अक्षर कोणाचं?”

“माझं.” या नोंदी त्यांनी स्वतः स्टेन्सिलवर लिहून पोरांना वाटल्या होत्या. घरी त्यांच्याकडं एकही प्रत उरली नव्हती.

“पान अकरा. मोठ्यानं वाचाल?”

सरांनी चष्मा सावरला. “‘फिक्स्ड, म्हणजे पक्का जोड : वेल्डिंग किंवा रिव्हेट. तोडल्याशिवाय सुटत नाही. पिनचा जोड पक्का नव्हे. त्याला सुटा जोड म्हणावे. दोन्हींत गल्लत करणारा मुलगा नापास.’”

मागं कोणीतरी खुसखुसलं. न्यायाधीशांनी मान वर केली तसं सगळं चिडीचूप.

“मग सर,” प्रीती वकील तितक्याच हळू म्हणाल्या, “‘फिक्स्ड’ म्हणजे काय? पान अकरावरचं, का प्रतिज्ञापत्राच्या पाचव्या परिच्छेदातलं?”

सर तोंड उघडणार तोच बद्रीनाथ वकील उठले. ही वही आधी दिलेल्या कागदांच्या यादीत नाही, कागद आयत्या वेळी आणलाय, हरकत आहे. दोघांची जुंपली. न्यायाधीशांनी घड्याळ पाह्यलं, वही दाखल करून घ्यायची की नाही ते पुढच्या तारखेला ठरवू म्हणाले आणि एकोणीस दिवसांनंतरची तारीख दिली. मग ते सरांकडं वळले.

“तुमची उलटतपासणी अर्धवट आहे. ती पुरी होईपर्यंत या साक्षीबद्दल कोणाशीही बोलायचं नाही. दोन्ही बाजूच्या वकिलांशी नाही, पक्षकारांशी नाही, घरच्यांशीही नाही. समजलं?”

“समजलं, साहेब.”

पिंजऱ्यातून सर उतरले खरे, पण उतरल्यासारखं वाटलं नाही. प्रश्न तसाच अंगावर घेऊन ते भोकरदनच्या बसमध्ये बसले.

ते एकोणीस दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. उत्तर तयार होतं, खरं म्हणजे दोन तयार होती. ‘पान अकरा’ म्हणावं, तर प्रतिज्ञापत्रात शपथेवर खोटं लिहून दिलं असा अर्थ होत होता. ‘पाचवा परिच्छेद’ म्हणावं, तर एकतीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं आणि चुकीच्याच अर्थावर नापास केलं. त्यातल्या त्यात एक फट त्यांना दिसत होती. यंत्र बंद असताना चकती सुटी, पण चालू असताना पक्की. हे खरं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. त्या एका वाक्याला धरून ते रोज पहाटेपर्यंत कूस बदलत.

गौहरनं विचारलं, “कोर्टात काय झालं?”

“बोलायची मनाई आहे.”

“माझ्याशी पण?”

“तुझ्याशी पण.”

त्या दिवसापासून ती ताट वाढून ठेवायची आणि आत जाऊन बसायची.

पाचव्या दिवशी फहीम आला. कोर्टाच्या मागच्या बाकावर तो त्या दिवशी बसला होता, सगळं ऐकलं होतं. आल्या आल्या त्यानं मोटारसायकलची चावी टेबलावर टाकली.

“अब्बा, तुम्ही एकच सांगायचं. ती जुनी गोष्ट होती, आता इंडस्ट्रीत अर्थ बदललाय. बस. खतम.”

सरांनी हात वर केला. “फहीम, या विषयावर एक शब्द न्हाई.”

“मी कुठं वकील आहे? घरातला माणूस आहे.”

“जजसाहेबांनी घरच्यांचं नाव घेऊन सांगितलंय. तू तिथंच होतास.”

“कंपनीतले साहेब मला रोज विचारतात, सासऱ्याचं काय ठरलं.” फहीमचा आवाज चढला. “त्यांना वाटतं मला वही माहीत होती आणि मी लपवली. मी काय सांगू?”

सरांना खूप सांगायचं होतं. ते उठले, अंगणात गेले आणि नळाखाली हात धूत उभे राहिले. हात स्वच्छच होते. मागं फहीम निघून गेल्याचा आवाज आला.

त्यानंतर रुखसारचा फोन रोज यायचा, पण ती फक्त तब्येत विचारायची. “ठीक आहे” म्हणून सर फोन गौहरकडं द्यायचे. कंपनीतूनही एकदा फोन आला. सरांनी नंबर पाहून तो वाजू दिला. भुजंगचा फोन मात्र आला नाही, आणि तो येत नाही याचंच त्यांना जास्त लागत होतं.

शनिवारच्या बाजाराला भिवा नावाचा एक शेतकरी छोट्या टेम्पोतून यंत्र घेऊन सरळ सरांच्या दारात आला.

“सर, ही चकती खडखड करून राह्यली. बी कधी दोन पडतंय, कधी पडतच न्हाई. वडीगोद्रीला गेल्तो, तर वर्कशॉपला टाळा. भुजंगभाऊच्या मालकीणबाई म्हणल्या, कोर्टानं बंद केलंय, दुरुस्तीसुदिक करता येत न्हाई. मंग कोणी म्हणलं, भोकरदनला सिराज सर हायत, त्यांना यातलं कळतं.”

सरांनी यंत्र पाह्यलं. भुजंगचं काम. वेल्डिंगचा टाका कसा सरळ, धारा घासून गोल केलेल्या. पुढच्या बाकावर बसवलेल्या पोराचं काम.

त्यांनी पिन ओढली. चकती अलगद हातात आली. ती त्यांनी उन्हात धरली आणि पिनचं भोक बघितलं. भोक गोल राह्यलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. म्हणजे यंत्र चालू असतानाही चकती आसावर जराशी मागंपुढं हलत होती. केसभर, पण हलत होती. दोन हंगामांत त्या केसभर हलण्यानं लोखंड खाल्लं होतं. पक्का जोड असा झिजत नाही.

त्यांनी धरून ठेवलेलं ते एक वाक्य, ‘चालू असताना पक्की’, तेही तिथंच उन्हात गेलं.

“काय झालंय, सर?”

“भोक झिजलंय.”

“मंग जाड पिन टाकून देता का? तुमच्याकडं ड्रिल आसंल.”

ड्रिल होतं. पंधरा मिनिटांचं काम. सरांनी चकती परत आसावर चढवली, पिन घातली. “मी करू शकत न्हाई.”

“का बरं?”

“ते पण सांगू शकत न्हाई.”

भिवानं त्यांच्याकडं असं पाह्यलं जसं कोणी भरल्या विहिरीवरून रिकाम्या घागरीनं परत पाठवावं. “बराबर हाय,” तो म्हणाला, “मोठी माणसं तुम्ही,” आणि टेम्पो वळवून निघून गेला. त्या रात्री सर जेवले नाहीत.

एकोणिसाव्या दिवशी न्यायाधीशांनी वही दाखल करून घेतली. सर परत त्याच कठड्यामागं उभे राह्यले. फहीम या वेळी मागच्या बाकावर नव्हता. भुजंग होता, मांडीवर हात ठेवून खाली बघत.

प्रीती वकिलांनी प्रश्न पुन्हा वाचला. “कोणता अर्थ खरा, सर?”

“वहीतला.”

बद्रीनाथ वकिलांनी पेन खाली ठेवला.

“मग प्रतिज्ञापत्रात ‘नेहमीच’ का लिहिलं?”

“लिहिलं मी न्हाई. पण वाचून सही मी केली.” सरांनी कठडा धरला. “मला वाटलं होतं, यंत्र चालू असेपर्यंत पिनचा जोड पक्का म्हणता येईल. ते पण आता म्हणता येत न्हाई. पिनचं भोक झिजतं. जे हलतं तेच झिजतं.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

भिवाचं यंत्र पाह्यलं हे सांगितलं, तर कोर्टाची मनाई मोडली असं कोणी म्हणेल का, हे त्यांना कळेना. पण लपवायला आता जागा कुठं होती? त्यांनी सगळं सांगितलं. टेम्पो, चकती, आपण दुरुस्ती नाकारली ते.

बद्रीनाथ वकील फेरतपासणीला उठले तेव्हा त्यांचं हसू गेलं होतं. “म्हणजे सिराजोद्दीन, तुम्ही महिन्यापूर्वी शपथेवर एक सांगता, आज शपथेवर दुसरं. उद्या तिसरं सांगाल?”

मागच्या वेळचं ‘सर’ त्यांच्या बोलण्यातून गळालं होतं.

“उद्या मला कोण विचारतंय, वकीलसाहेब?”

न्यायाधीशांनी उत्तर टाइप होऊ दिलं नाही. साक्ष संपली.

खाली जिन्यावर भुजंग भेटला. आता बोलायला मोकळीक होती. भुजंगच आधी म्हणाला, “सर, राग न्हाई म्हणलं तर खोटं व्हईल. पेरणीचा सबंध हंगाम गेला माझा. बायको, नंदा, दुसऱ्याच्या रानात जाऊन राह्यली रोजानं.”

“कळतं मला.”

“तुम्हीच शिकवल्तं ना हे. पिन घातली ती तुमच्याच वहीतून. शेतकऱ्याला सुटं करता यावं म्हणून.” तो दोन पायऱ्या उतरला, परत वर आला, सरांच्या पायाला हात लावला आणि निघून गेला.

निकाल यायला आणखी सात महिने लागले. दावा फेटाळला, मनाई उठली. सरांनी जालन्याला जाऊन निकालाची नक्कल काढली आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून बत्तीस पानं वाचली. न्यायाधीशांनी सगळा निकाल एका पत्रावर उभा केला होता. पेटंट मागताना परीक्षकानं हरकत घेतली होती की अशी यंत्रं आधीपासून आहेत. त्यावर कंपनीनंच लेखी कळवलं होतं की जुन्या यंत्रांतल्या चकत्या काढता येतात, आमची काढता येत नाही, तेच आमचं वेगळेपण. ते पत्र पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर कोणीही वाचावं असं पडून होतं. प्रीती वकिलांना ते साक्षीपुराव्यानंतर सापडलं. बद्रीनाथ वकिलांनी ते सरांना दाखवलं नव्हतं, आणि सरांनीही कधी विचारलं नव्हतं की या शब्दाबद्दल कंपनी स्वतः आधी काय म्हणाली होती.

सरांच्या वाट्याला एकच परिच्छेद आला होता, चोविसावा. ‘सदर साक्षीदाराने एकाच शब्दाचे दोन वेळी दोन अर्थ सांगितले आहेत. वादी कंपनीतील जवळच्या नात्याची बाब त्याने प्रतिज्ञापत्रात उघड केली नाही. त्यामुळे त्याच्या मतावर, ते कोणत्याही बाजूचे असो, भिस्त ठेवणे सुरक्षित वाटत नाही.’

सरांनी तो परिच्छेद परत वाचला. चुकीचा म्हणावा असा एक शब्द त्यात त्यांना सापडला नाही. कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला, आणि ज्या बसची वाट बघत होते ती समोरून गेली तरी बसूनच राह्यले.

तोवर फहीमची नोकरी गेली होती. काढलं असं कोणी म्हणालं नाही. आधी त्याला गोदामात बसवलं, मग महिनाभर कुठलंच काम दिलं नाही, शेवटी त्यानंच राजीनामा दिला. पुण्याकडं चाकणला एका कारखान्यात त्याला जागा मिळाली. निकालानंतर दोन आठवड्यांनी तो आणि रुखसार सामान घेऊन निघाले. सर आणि गौहर जालन्याच्या स्टँडवर त्यांना पोचवायला गेले.

गौहर लेकीला जवळ घेऊन काहीबाही सांगत होती. फहीमनं बॅगा डिकीत टाकल्या आणि तो सरांजवळ येऊन उभा राह्यला. साक्षीनंतर दोघं पहिल्यांदाच असे समोरासमोर होते.

“अब्बा, एक विचारू?”

“विचार.”

“वहीत तुम्ही काय लिहिलंय, ते मला एकदा आधी सांगितलं असतं तर?”

“कोर्टानं बोलायची मनाई केली होती.”

“ती नंतर. सही करायच्या आधी तर कोणी मनाई केली नव्हती.”

सरांना त्या रविवारचा चहा दिसला, ठळक अक्षरांतला ‘तज्ज्ञ’ दिसला, ‘नेहमीच’वर थांबलेलं स्वतःचं बोट दिसलं आणि बाजूला बसलेला, डोळ्यांत केवढी तरी चमक असलेला हा पोरगा दिसला. ‘तू बाजूला बसला होतास, म्हणून बोललो न्हाई,’ हे उत्तर त्यांच्या ओठांवर आलं. ते खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, हे त्यांना कळत होतं, आणि उरलेलं कोणत्या शब्दांत सांगावं ते कळत नव्हतं.

कंडक्टरनं बेल दिली.

“पोचलास की फोन कर,” सर म्हणाले.

फहीमनं मान हलवली आणि तो बसमध्ये चढला.